गांज्याची पुडी आणि एमडीची पार्टी: नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजातलं प्रकरण

गंगापूर रोडच्या परिसरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात दुपारच्या सुटीत, सायकल स्टँडच्या मागे, अकरावी सायन्सचा एक मुलगा वॉचमनला सापडला. सॅकच्या पुढच्या कप्प्यात कागदाची पुडी, गोगोचं, म्हणजे सिगारेट वळायच्या कागदाचं, पाकीट आणि लायटर. पुडीत दोन-तीन सिगारेटी भरतील एवढा गांजा. मुलगा सतरा वर्षांचा, दहावीला उत्तम टक्के, घर सिडकोत, वडील अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कॉलेजचं नाव देत नाही. मी तिथे समुपदेशक म्हणून जाते. पुडी सापडणं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्या मुलाशी बोलताना जी दुसरी गोष्ट बाहेर आली तिच्यामुळे हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

शिस्त समितीची बैठक त्याच दिवशी झाली. एक मत असं, की दाखला हातात द्या. दुसरं, पोलिसांना बोलवा, बाकीच्यांना जरब बसेल. वर्गशिक्षिका एवढंच म्हणत होत्या, की वार्षिक परीक्षा तोंडावर आहे, निदान ती होऊ द्या. प्राचार्य भले गृहस्थ, पण विश्वस्तांच्या फोनने हैराण झालेले. ‘आपल्याकडे हे खपत नाही असा संदेश गेला पाहिजे,’ असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. संदेश कोणाला जाणार, हे कोणीच विचारलं नाही. दाखला मिळालेला मुलगा दुसऱ्या कॉलेजात जातो. मागे राहिलेल्या मुलांना एवढंच कळतं, की यापुढे काहीही झालं तरी मोठ्यांच्या कानावर घालायचं नाही.

मुलगा माझ्यासमोर आला तेव्हा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “मॅडम, तुम्हीपण मला ‘मरशील’ म्हणणार का?”

हा प्रश्न कुठून आला ते समजून घ्यायला मागच्या २६ जूनकडे जावं लागतं. त्या दिवशी जागतिक अमली पदार्थविरोधी दिन असतो आणि शाळा-कॉलेजांत कार्यक्रम ठरलेले असतात. या कॉलेजातही झाला होता. पाहुण्यांचं भाषण, शपथ, भित्तिपत्रकं. पडद्यावर एका ओळीत गांजा, एमडी, हेरॉईन, व्हाईटनर आणि झोपेच्या गोळ्या, सगळ्यांच्या डोक्यावर एकच कवटी. पाहुण्यांनी सांगितलं, की गांज्याचा एक झुरका घेतला की माणूस संपला. मुलाने तोवर आतेभावाच्या खोलीवर दोन-चारदा ओढून पाहिलेला होता. कोणी संपलं नव्हतं. आतेभाऊ तर कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये नोकरीला लागला. त्या दिवशी शपथेला सगळ्यांबरोबर यानेही हात पुढे केला आणि मनातल्या मनात त्या भाषणाची किंमत शून्य लावून टाकली.

आता दुसरी गोष्ट. थर्टी फर्स्टच्या रात्री गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसवर ही मुलं जमली होती. तिथे त्याच्या एका मित्राने, कॉमर्सच्या मुलाने, एमडी घेतली. म्हणजे मेफेड्रोन, पांढरी पूड. थोड्या वेळाने त्याची छाती धडधडायला लागली, अंग तापलं, तो घामाने निथळत होता तरी अजून हवी म्हणून मागत राहिला. मग दोन रात्री झोप नाही, कोणीतरी पाठलाग करतंय असं बडबडणं. मुलांनी त्याला पाणी पाजलं, खोलीत बसवून ठेवलं, उतरेल म्हणून वाट पाहिली. एकानेही घरी फोन केला नाही.

मी विचारलं, “एमडी वेगळी असते, हे तुला माहीत नव्हतं?”

“सांगितलं होतं ना, मॅडम. पण गांज्याबद्दलपण तेच सांगितलं होतं.”

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या एका उत्तरात आहे. गांज्याबद्दल खोटी भीती घालणाऱ्यांनी एमडीबद्दलची खरी भीतीही वाया घालवली. मुलाने हिशेब मांडला तो तर्काला धरूनच होता: पहिली सूचना खोटी निघाली, मग त्याच तोंडून आलेली दुसरी खरी कशावरून? फोन न करण्याचं आणखी एक कारण त्याने सांगितलं. फोन केला असता तर सगळ्यांचे दाखले गेले असते.

नाशिकमध्ये ही गफलत महाग पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकरोडच्या पुढे शिंदे गावातला एमडीचा कारखाना उघडकीला आणला आणि शहर हादरलं. कोट्यवधींचे आकडे आठवडाभर पेपरात होते. जिल्ह्यात मालेगावला ‘कुत्ता गोळी’चा प्रश्न कित्येक वर्षांचा आहे. ती अल्प्राझोलम, एरवी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. या दोन्हींच्या शेजारी गांजा बसवून तिघांना एकच कवटी लावणं सोपं आहे, भाषण लवकर संपतं. पण सतरा वर्षांच्या मुलाला नेमका हाच फरक माहीत असायला हवा.

शिवाय हे गाव मुलांना दुसऱ्या बाजूनेही शिकवत असतं. हा मुलगा २०१५च्या सिंहस्थात आजोबांचं बोट धरून तपोवनात आणि त्र्यंबकला गेला होता. चिलीम ओढणाऱ्या साधूंच्या पाया पडायला आजोबांनीच सांगितलं होतं. आता २०२७च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, पुन्हा तेच दिसणार. द्राक्षाच्या वाईनचं कौतुक तर नाशिककर पाहुण्यांना आवर्जून सांगतात. मुलगा म्हणाला, “ते चालतं, हे चालत नाही. मग खरं काय ते सांगा ना.” त्याच्या बोलण्यात थोडी वकिली होती, पकडला गेलेला मुलगा ती करणारच. तरी प्रश्न रास्त होता.

कायद्याबद्दल मुलगा आणि प्राचार्य दोघांच्याही डोक्यात गोंधळ होता. मुलांच्या गटात समज असा, की ‘एक किलोपर्यंत काही होत नाही’. प्राचार्यांना वाटत होतं, की पुडी सापडली म्हणजे मुलगा दहा वर्षं आत. दोन्ही चूक. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरली जाते आणि वीस किलोंच्या वरची ‘व्यापारी’. अल्प मात्रा म्हणजे माफी नव्हे, तिलाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नुसत्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच दंड किंवा दोन्ही. शेंडे नसलेली नुसती पानं या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांग एनडीपीएसच्या बाहेर राहते. पण महाराष्ट्रात तिला दारूबंदी कायद्याचं बंधन आहे. शिवरात्रीला कोणी विचारत नाही म्हणून ती मोकळी आहे असं नाही.

मुलगा अठराच्या आत असल्याने त्याला बाल न्याय कायदा लागू. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा तिथे किरकोळ मानला जातो. मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला नसेल तर अशा बाबतीत एफआयआर होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद आणि मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल होतो, पुढचं बाल न्याय मंडळ पाहतं. त्याची ओळख छापता येत नाही. कायद्याचा खरा दात विकणाऱ्यासाठी आहे: बालकाला अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा माल विकणाऱ्या टपरीवाल्याचा विषय पहिल्यांदा निघाला. तोवर सगळी चर्चा मुलाच्या संस्कारांवर चालली होती.

पुडीचं काय करायचं, हाच सगळ्यांत अडचणीचा मुद्दा निघाला. ती प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात होती, म्हणजे कायद्याच्या भाषेत त्यांनीच बाळगलेली. ओळखीच्या वकिलांना विचारून शेवटी पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला कळवलं. ते साध्या कपड्यात आले, पुडी रीतसर ताब्यात घेतली, आईवडिलांसमोर मुलाशी बोलले आणि माल कोणाकडून घेतला यावर जास्त वेळ घालवला. दाखला द्यायचा नाही, परीक्षेला बसू द्यायचं, समुपदेशन चालू ठेवायचं असं ठरलं. वडिलांनी लेखी हमी दिली. घरी त्यांनी पोराला मारलं, हे मला नंतर कळलं.

मग मी प्राचार्यांकडे अकरावीच्या दोन तुकड्यांसाठी वेळ मागितला. अट एकच, की मुलांनी निनावी चिठ्ठ्यांवर विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची.

यावर सर्वांत नेमका आक्षेप फिजिक्सच्या सरांनी घेतला. ते म्हणाले, “तुम्ही शंभर गोष्टी सांगाल. पोरं घरी जाताना ‘गांज्याने मरत नाही’ एवढंच घेऊन जातील.” विश्वस्तांपैकी एकांचा आक्षेप नेहमीचा होता, की ज्याला माहीत नाही त्यालाही तुम्ही रस्ता दाखवणार. या दुसऱ्या शंकेला उत्तर देता येतं. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस शाळेत जाऊन ‘नाही म्हणा’ असं शिकवत. तो देशभर पसरला, आणि पुढे अभ्यासांमागून अभ्यास झाले तेव्हा मुलांच्या नशेवर त्याचा टिकणारा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. १९९८ पासून तिथल्या सरकारने टीव्हीवर गांजाविरोधी जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात वापर कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट काही मुलांमध्ये ‘म्हणजे सगळेच ओढतात वाटतं’ असा समज वाढल्याची शंका आली. गप्प बसणं आणि घाबरवणं, दोन्ही करून झालेलं आहे.

सरांच्या आक्षेपाचं मात्र वजन होतं. त्यावर मी एवढंच केलं, की सुरुवात आकड्यांनी केली. मुलांना विचारलं, तुमच्या वयाची शंभरातली किती मुलं गांजा, चरस किंवा भांग घेत असतील? चाळीस, पन्नास, एकाने सत्तर सांगितलं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात दहा ते सतरा वयोगटात हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आहे, ०.९ टक्के. शहरी कॉलेजात ते जास्त असेल हे मी धरून चालते, पण सत्तर खासच नाही. वर्गात कुजबुज झाली. जो ओढत नाही त्याला आपण मागासलेले आहोत असं वाटत असतं, आणि हा आकडा त्याच्यासाठी होता.

चिठ्ठ्या अपेक्षेहून चांगल्या निघाल्या. ‘नॅचरल आहे तर वाईट कसा?’ या प्रश्नाला मी विचारलं, धोतऱ्याचं फळही शंकराला वाहतात, ते खातं का कोणी? हशा झाला आणि मुद्दा पोचला. ‘एकदा ओढला की व्यसन लागतं?’ नाही. कधी ना कधी घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे नऊ जणांना लागतं. विशीच्या आत सुरू करणाऱ्यांत ते सहांत एकापर्यंत जातं, रोज घेणाऱ्यांत त्याहून वर. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून वयाचा मुद्दा येतो. ‘ओढून अभ्यास चांगला होतो’ हा प्रश्नही नव्हता, दावाच होता. चढलेली असताना नुकतं वाचलेलं मनात टिकत नाही, हे निश्चित सांगता येतं. कायमची बुद्धी कमी होते का, यावर अभ्यासांचं एकमत नाही, आणि तसं ते नाही हेही मी सांगितलं. ‘युरिन टेस्टमध्ये किती दिवस दिसतं?’ ही चिठ्ठी बहुधा एनडीएची, म्हणजे लष्करी प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करणाऱ्याची असावी. देवळालीच्या लष्करी छावणीशेजारी राहून अशी मुलं भेटतातच. नियमित घेणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे सापडू शकतं, एवढं उत्तर दिलं.

‘कॅनडात चालतं, मग आपल्याकडे का नाही?’ यावर जरा थांबावं लागलं, कारण रील्समधून अर्धवट इतिहास मुलांपर्यंत आलेला असतो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी परवानगी दिली, पण अठरा-एकोणिसाच्या आत तिथेही नाही, क्युबेक प्रांतात तर एकवीस. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात गांजा अबकारी खात्याच्या परवान्यावर विकला जायचा. १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने शेकडो साक्षी घेऊन बंदीची गरज नाही असा निष्कर्ष काढला होता. रील्स इथेच थांबतात. त्याच आयोगाने असंही नोंदवलं, की अति सेवनाने मनाचा मुळात असलेला अस्थिरपणा वाढतो. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “म्हणजे बंदी असावी की नसावी?” मी म्हटलं, यावर शहाणी माणसं भांडतात, तुम्हीही अठराच्या पुढे भांडा. आज कायदा काय आहे ते फळ्यावर लिहिलंय.

आणि मग ती चिठ्ठी आलीच: ‘गांज्याने माणूस मरतो का?’ उत्तर दिलं. नुसत्या गांज्याच्या विषबाधेने मृत्यू सहसा होत नाही. पण ओढून त्र्यंबक रोडवर गाडी चालवणारा मरू शकतो आणि दुसऱ्याला मारू शकतो. भांग पोटात गेली की चढायला तास-दोन तास लागतात, काही होत नाही म्हणून लोक आणखी घेतात आणि मग दवाखाना गाठतात. काही जणांचं डोकं फिरतं. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, रोज घेणाऱ्यांत तीव्र मनोविकाराचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसलं. बहुतेकांना होत नाही. ज्याच्या घरात असा आजार आहे त्याच्यासाठी मात्र धोका वेगळा आहे.

सगळ्यांत जास्त वेळ मी एका न आलेल्या चिठ्ठीला दिला: मित्राने एमडी किंवा कुत्ता गोळी घेतली आणि तो बिघडला तर? छातीत कळ, अंग भट्टीसारखं तापणं, झटके, शुद्ध हरपणं, घोरता घोरता श्वास अडखळणं, यातलं काही दिसलं तर १०८ला फोन. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगायचं. वर्ग इथे पहिल्यांदा पूर्ण शांत झाला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “आणि पोलीस?” स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या खटल्यापासून संरक्षण देणारं कलम याच कायद्यात आहे, ६४-अ. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. फोन करणाऱ्या मित्राला हे कलम लागू पडतं असं मात्र मी म्हणू शकले नाही, कारण तसं त्यात लिहिलेलं नाही. माझ्या दृष्टीने धोरणातलं हे मोठं भगदाड आहे. मदतीला फोन करणाऱ्या पोराला अभय नसेल तर थर्टी फर्स्टची रात्र पुन्हा तशीच होणार.

त्या मुलावर सगळ्यांत जास्त परिणाम वर्गातल्या कशाचाच झाला नाही. त्याची आई तिसऱ्या भेटीत उठता उठता म्हणाली, “मॅडम, माझ्या भावाचं याला सांगू का? घरात कोणाला आवडत नाही.” मामा कित्येक वर्षं मानसोपचाराच्या गोळ्या घेतो. घरात त्याला ‘बाहेरचं झालंय’ म्हणतात आणि मुलांना त्याच्याबद्दल काही सांगत नाहीत. मी म्हटलं, “ताई, हेच सांगा. माझ्यासमोर सांगायचं असेल तर आत्ता बोलवू.” तिने घरीच सांगितलं. पुढच्या वेळी मुलगा आला तो मामाला काय झालंय, कोणत्या वयात सुरू झालं, असं नेमकं विचारत आला. तेव्हापासून ओढला नाही असं तो सांगतो, मी निम्म्यावर विश्वास ठेवते. सिगारेट चालू आहे. तिच्यासाठी मात्र शिस्त समितीची बैठक कोणी बोलवत नाही.

कॉमर्सचा मित्र परीक्षेनंतर स्वतः आला. एमडी त्या रात्रीनंतरही चालू राहिली होती. मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू आहेत, वर्ष वाया गेलं. मध्यरात्री घाबरा झाला तर लावायला दोन नंबर दिले आहेत, व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६. टपरी काही आठवडे बंद होती. मग शैक्षणिक संस्थेपासून तंबाखूविक्रीला बंदी असलेल्या शंभर यार्डांच्या रेषेपलीकडे, बरोबर समोरच्या गल्लीत, उघडली.

यंदाच्या २६ जूनची स्लाइड्स प्राचार्यांनी मला आधी दाखवली. कवटी गेली आहे. एमडी, गोळ्या आणि गांजा यांना वेगवेगळी पानं मिळाली आहेत, १०८चा नंबर मोठ्या अक्षरात आहे. ‘नुसत्या गांज्याने मृत्यू सहसा होत नाही’ हे वाक्य विश्वस्तांनी काढायला लावलं. मी वाद घातला, जमलं नाही. चिठ्ठ्यांचा तास त्यांनी राहू दिला आहे, आणि तिथे कोणी विचारलं तर उत्तर बदलणार नाही, हे मी प्राचार्यांना सांगून ठेवलंय.